नर्सिंगचा कोर्स निभवायचा कसा: पुस्तक आणि वॉर्ड वेगळे ठेवू नकोस

तुझा प्रश्न वाचला. पहिलं वर्ष सुरू होऊन थोडेच महिने झालेत, अ‍ॅनाटॉमीच्या टेस्टमध्ये मार्क कमी पडले, फार्माकॉलॉजीचं पुस्तक बघूनच पोटात गोळा येतोय, वॉर्डात पाऊल ठेवलं की हातपाय गार पडतात, आणि सिनियर सांगतात की पाठांतर कर, बाकी काही नको. आणि तू विचारतेस की हे आपल्याला झेपेल का आणि झेपायला हवं असेल तर नक्की करायचं काय. मी बरीच वर्षं मेडिकल वॉर्ड आणि आयसीयूत काम केलंय, आता विद्यार्थ्यांना वॉर्डातच शिकवते, त्यामुळे जे रोज डोळ्यांसमोर दिसतं त्यावरून सांगते. लांबेल, पण सावकाश वाच.

पहिली गोष्ट म्हणजे जे विद्यार्थी अडकतात ते हुशारीत कमी असतात म्हणून अडकतात असं मला तरी दिसलेलं नाही. ते अडकतात कारण त्यांच्या डोक्यात परीक्षेचा अभ्यास वेगळा आणि ड्युटी वेगळी असते. पुस्तकातलं पुस्तकात, वॉर्डातलं वॉर्डात. मग पुस्तक म्हणजे नुसता नावांचा ढीग वाटतो आणि वॉर्ड म्हणजे नुसती हमाली वाटते, आणि दोन्हीचा कंटाळा येतो, दोन्हीची भीती वाटते. ज्यांना जमतं ती मुलं एकच करतात, वाचलेलं प्रत्येक पान एखाद्या पेशंटला नेऊन चिकटवतात आणि बघितलेल्या प्रत्येक पेशंटवरून पुस्तकात परत जातात. खाली जे काही लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीतून आलेलं आहे.

अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचंच घे. सगळी हाडं, सगळे स्नायू, सगळ्या नर्व्हज सारख्याच महत्त्वाच्या धरून पाठ करायला बसलीस तर महिनाभरात दमशील. अ‍ॅनाटॉमी पाठ करावी लागतेच, त्याला पर्याय नाही, पण पुढची सगळी वर्षं तुला उचलून धरणार आहे ती फिजिऑलॉजी. हार्ट फेल्युअरचं उदाहरण देते, कारण हा पेशंट तुला प्रत्येक मेडिकल वॉर्डात भेटणार. डावं व्हेंट्रिकल (हृदयाचा रक्त पुढे ढकलणारा खालचा कप्पा) कमजोर झालं, रक्त पुढे नीट ढकललं जात नाही, मग ते मागे तुंबतं, मागे काय आहे तर फुप्फुसं, तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांमधला दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपून हवेच्या बारीक पिशव्यांपर्यंत, म्हणजे अ‍ॅल्व्हिओलायपर्यंत जातं. म्हणून धाप लागते. आडवं झाल्यावर जास्त लागते कारण पायांकडचं रक्त हृदयाकडे जास्त परत येतं. म्हणून आपण त्या पेशंटला पाठीला आधार देऊन ताठ बसवतो, ही झाली पोझिशन. मग डॉक्टर फ्युरोसेमाइड लिहितात, ते किडनीतल्या लूप ऑफ हेन्लेवर काम करतं, सोडियम आणि पाणी बाहेर काढतं, पण त्याच्याबरोबर पोटॅशियमही जातं. म्हणून देण्याआधी बीपी आणि पोटॅशियमचा रिपोर्ट बघायचा, नॉर्मल साधारण लिटरला ३.५ ते ५.० मिलीइक्विव्हॅलंट. दिल्यावर लघवी मोजायची, आणि रोज सकाळी त्याच वेळी, त्याच काट्यावर, तेवढ्याच कपड्यांत वजन घ्यायचं, कारण १ किलो वजन म्हणजे जवळपास १ लिटर पाणी. आणि त्याच पेशंटला डिगॉक्सिन (हृदयाचं औषध) चालू असेल तर पोटॅशियम कमी झाल्यावर डिगॉक्सिनची विषबाधा व्हायचा धोका वाढतो, म्हणून ते देण्याआधी पूर्ण १ मिनिट एपिकल पल्स (छातीवर स्टेथोस्कोप ठेवून ऐकलेले हृदयाचे ठोके) मोजायचा, मोठ्या माणसात ६०च्या खाली असेल तर डोस थांबवून डॉक्टरांना कळवायचं, आणि मळमळतंय का, डोळ्यांना सगळं पिवळसर-हिरवट दिसतंय का हे विचारायचं.

बघ, या एका पेशंटमध्ये अ‍ॅनाटॉमी आली, फिजिऑलॉजी आली, मेडिकल-सर्जिकल आलं, फार्माकॉलॉजी आली, लॅब आली आणि फंडामेंटल्सही आलं. हे तू एकदा कोऱ्या कागदावर बाण काढत काढत स्वतः लिहिलंस ना, तर सहा विषयांच्या सहा वह्यांमधलं पाठ करायची गरज राहत नाही. प्रत्येक मोठ्या आजाराची अशी एक साखळी बनव. डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिस, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार), किडनी फेल्युअर, लिव्हर सिरॉसिस, स्ट्रोक, प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी वाढण्याचा आजार), सेप्सिस (जंतुसंसर्गामुळे अवयव बिघडणं). एवढ्यांच्या साखळ्या नीट समजल्या की बाकीचे आजार आपोआप त्यांच्या आजूबाजूला बसतात.

आता अभ्यास कसा करायचा. बहुतेक मुली हायलायटर घेऊन बसतात, अख्खं पान पिवळं करतात, तीनदा वाचतात आणि वाटतं की आलं. येत नाही. ओळखीचं वाटणं आणि आठवता येणं यात फार फरक आहे आणि परीक्षेत (आणि रात्री तीन वाजता पेशंटजवळही) आठवणंच लागतं. यावर २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी केलेला एक प्रयोग मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. काही विद्यार्थ्यांनी तोच मजकूर पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून मग न बघता आठवून लिहिला. ५ मिनिटांनी टेस्ट घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे स्पष्ट पुढे गेले. म्हणजे जी पद्धत आत्ता बरी वाटते ती आठवड्याने साथ सोडते. म्हणून टॉपिक वाचला की पुस्तक मिट, कोरा कागद घे, आठवेल ते लिही, मग पुस्तक उघडून लाल पेनने राहिलेलं भर. पहिल्यांदा निम्मं पण येणार नाही आणि फार वाईट वाटेल, वाटू दे, तेच काम करतंय. दुसऱ्या दिवशी १० मिनिटं, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, पुन्हा तसंच. एका दिवसात आठ तास बसण्यापेक्षा हे कितीतरी जास्त टिकतं.

ग्रुप स्टडी करायची असेल तर तीन-चार जणींचा ग्रुप पुरे, त्याहून मोठा झाला की गप्पाच होतात. आणि नियम एकच, प्रत्येकीने एक टॉपिक बाकीच्यांना पुस्तक न बघता समजावायचा आणि बाकीच्यांनी सारखं "का?" विचारायचं. जिथे ती अडकेल तिथे सगळ्याच अडकलेल्या असतात, मग तेवढंच पुस्तकातून काढायचं.

फार्माकॉलॉजीची भीती जवळपास सगळ्यांना असते. सुटी सुटी औषधं पाठ करू नकोस, गटाने कर. नावाच्या शेवटावरून गट कळतो: ओलॉल म्हणजे बीटा ब्लॉकर (हृदयाचा वेग आणि बीपी कमी करणारं), प्रिल म्हणजे एसीई इनहिबिटर, सार्टन म्हणजे एआरबी (हे दोन्ही बीपी कमी करणारे गट), स्टॅटिन कोलेस्टेरॉलवर, प्राझोल म्हणजे अ‍ॅसिड कमी करणारं. प्रत्येक गटातलं एकच औषध नीट समजून घे, बाकीची त्याची भावंडं आहेत, फक्त वेगळं काय तेवढं लक्षात ठेव. आणि प्रत्येक औषधासाठी पाच प्रश्न पुरतात. माझ्या या पेशंटला हे का दिलंय, ते शरीरात काय करतं हे एका ओळीत, देण्याआधी मी काय बघायचं, दिल्यावर काय बघायचं, आणि कधी थांबवून कळवायचं. उदाहरणार्थ मॉर्फिन, देण्याआधी वेदना किती आणि श्वास किती, दिल्यावर पुन्हा तेच आणि गुंगी किती, श्वास मंदावला किंवा पेशंट नीट उठेना तर लगेच कळवायचं, उतारा नॅलोक्सोन. असे उतारे मात्र सरळ पाठच करून टाक: हेपॅरिनला प्रोटामाइन, वॉरफॅरिनला व्हिटॅमिन के, पॅरासिटामॉलला एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन, मॅग्नेशियम सल्फेटला कॅल्शियम ग्लुकोनेट. प्रीएक्लॅम्प्सियात झटके टाळायला मॅग्नेशियम चालू असलेल्या बाईचे गुडघ्याचे रिफ्लेक्स गेले, श्वास मिनिटाला १२च्या खाली गेला किंवा लघवी तासाला ३० मिलीपेक्षा कमी झाली तर ते परीक्षेतलं उत्तर नसतं, तिथे तुझं लक्ष असणं म्हणजे तिचा जीव असतो.

डोस कॅल्क्युलेशनला मात्र कोणतीही सूट नाही. यात "मला गणित जमत नाही" हे वाक्य मी ऐकूनच घेत नाही कारण यात लागतं ते फक्त गुणाकार-भागाकार आणि युनिट नीट लिहायची सवय. रोज पाच गणितं, बस, पण रोज. आणि आकडेमोड करायच्या आधी अंदाज बांधायचा. ऑर्डर ५०० मिग्रॅ आहे आणि व्हायलमध्ये १० मिलीत १ ग्रॅम आहे, म्हणजे निम्मी व्हायल, ५ मिली. उत्तर ५० आलं तर तिथेच थांब, कारण एका डोससाठी पाच व्हायल फोडायला लागताहेत म्हणजे काहीतरी चुकलंय. सलाईनचं बघ, १००० मिली ८ तासांत म्हणजे तासाला १२५ मिली, सेटवर १ मिलीला २० थेंब लिहिलंय, तर १२५ गुणिले २० भागिले ६०, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. मायक्रोड्रिप (बारीक थेंबांचा) सेट असेल तर १ मिलीला ६० थेंब, तिथे तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब, वेगळं गणितच नको. लहान मुलांचं वजनावर: १२ किलोचं मूल, पॅरासिटामॉल किलोला १५ मिग्रॅ, म्हणजे १८० मिग्रॅ, सिरप ५ मिलीत १२० मिग्रॅचं असेल तर ७.५ मिली. लिहिताना अर्धा असेल तर ०.५ लिहायचं, आधीचं शून्य गाळायचं नाही, आणि पाच असेल तर नुसतं ५, ५.० नाही, कारण घाईत टिंब दिसलं नाही की दहापट डोस जातो. इन्सुलिन नेहमी इन्सुलिनच्याच सिरिंजमध्ये, यू-१०० म्हणजे १ मिलीत १०० युनिट, आणि दुसऱ्या नर्सकडून तपासून घेतल्याशिवाय नाही. पोटॅशियम क्लोराइड थेट शिरेत पुश कधीच नाही, कुणीही सांगितलं, कितीही मोठ्या माणसाने सांगितलं तरी नाही, त्याने हृदय थांबतं.

परीक्षेतल्या प्रश्नांबद्दल. तू म्हणतेस की अभ्यास होतो पण पेपरात दोन पर्याय बरोबरच वाटतात. हे होणारच, कारण नर्सिंगचे चांगले प्रश्न माहिती विचारत नाहीत, आधी काय करशील हे विचारतात. त्यासाठी डोक्यात क्रम हवा: श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण. मग अचानक झालेलं आधी, जुनं नंतर. ज्याची तब्येत बदलतेय तो आधी, जो स्थिर आहे तो नंतर. शरीराचा धोका आधी, मनाची काळजी त्यानंतर. आणि "आधी तपासा, मग कृती करा" हा नियम सगळे सांगतात पण त्याचा दुसरा अर्धा भाग सांगत नाहीत, की प्रश्नातच तपासणी देऊन टाकली असेल तर पुन्हा तपासत बसायचं नाही. समज ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पेशंटला अचानक धाप लागली, छातीत दुखतंय, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) ८६ टक्के. पर्याय आहेत डॉक्टरांना फोन, डोकं वर करून ऑक्सिजन, पेनकिलर, पुन्हा सगळे व्हायटल्स. इथे आधी डोकं वर आणि ऑक्सिजन, मग लगेच फोन. जे तुझ्या हातात आहे आणि ज्याने पुढची दोन मिनिटं सुरक्षित होतात ते पहिलं. असंच शुगर ५० आहे आणि पेशंट शुद्धीवर आहे, गिळू शकतो, तर १५ ग्रॅम पटकन शोषली जाणारी साखर तोंडाने, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. गिळू शकत नसेल तर तोंडाने काहीच नाही, शिरेतून ग्लुकोज किंवा ग्लुकॅगॉन. सराव करताना बरोबर उत्तर का बरोबर यापेक्षा बाकीचे तीन का चूक हे स्वतःला मोठ्याने सांग, खरा अभ्यास तिथे होतो.

आता वॉर्ड. पहिल्या पोस्टिंगला भीती वाटणं अगदी बरोबर आहे, समोर खरा माणूस आहे, ज्याला काहीच भीती वाटत नाही त्या विद्यार्थ्याची मला जास्त काळजी वाटते. भीती कमी होते ती तयारीने. आदल्या रात्री पेशंट माहीत असेल तर त्याचा आजार, औषधं आणि आजचे रिपोर्ट एका पानावर. माहीत नसेल तर निदान त्या वॉर्डात नेहमी येणारे दोन आजार वाचून जा. हँडओव्हरला (ड्युटी बदलताना पेशंटची माहिती सांगतात तेव्हा) वेळेआधी उभी राहा आणि ऐकताना लिही. मग फाइलमध्ये तोंड खुपसण्याआधी पेशंटजवळ जा, नाव सांग, विद्यार्थिनी आहे हे सांग, आणि बघ. रंग कसा, श्वास कसा, बोलताना वाक्य पूर्ण होतंय का, सलाईन चालू आहे का, सुई टोचलेल्या जागी सूज आहे का, कॅथेटरची पिशवी किती भरलीय. हे बघायला दोन मिनिटं लागतात आणि फाइलमध्ये नसलेलं बरंच कळतं.

श्वास मोजायचाच. पूर्ण १ मिनिट, हात मनगटावरच ठेवून, पेशंटला न सांगता, कारण सांगितलं की त्याचा श्वास बदलतो. मी कितीतरी चार्ट बघते ज्यात वॉर्डातल्या प्रत्येक पेशंटचा श्वास २० लिहिलेला असतो आणि मला मनापासून वाईट वाटतं, कारण पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा बीपी पडायच्या आधी श्वास वाढलेला असतो. सकाळी १६ होते, दुपारी २४ झाले, सॅच्युरेशन अजून ठीक आहे, बीपी ठीक आहे, तरीही कळव. विद्यार्थी म्हणून तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी स्टाफकडे नसते, ती म्हणजे वेळ. तुझ्याकडे एक-दोन पेशंट असतात, त्यांच्याकडे ढीगभर. कितीतरी वेळा बिघाड पहिला विद्यार्थ्याच्या लक्षात आलेला मी पाहिलाय.

आणि बेडमेकिंग, स्पंजिंग, पेशंटला कुशीवर वळवणं याला हमाली समजू नकोस, ही माझी कळकळीची विनंती आहे. स्पंज देताना तू अख्खी त्वचा बघतेस, माकडहाड, टाचा, कोपर. लाल झालेली जागा बोटाने दाबून बघ, दाबल्यावर पांढरी होत नसेल तर प्रेशर इंज्युरी सुरू झालीय, म्हणजे तिथला दाब काढायचा आणि वळवण्याचं वेळापत्रक (साधारण दर २ तासांनी, पेशंटप्रमाणे कमीजास्त) खरंच पाळलं जातंय का बघायचं. वळवताना धाप लागते का कळतं, कुठे दुखतं कळतं, एका बाजूची ताकद कमी आहे का कळतं, आणि डॉक्टरांच्या राउंडला न बोललेलं माणूस तेव्हा बोलतो. मला विचारशील तर तपासणी शिकायची यापेक्षा चांगली जागा नाही.

प्रोसिजर मिळत नाहीत अशी तक्रार असते. त्या मागाव्या लागतात. ड्युटीच्या सुरुवातीलाच त्या दिवशीच्या स्टाफ नर्सला सांग की मी आत्तापर्यंत हे केलंय, हे नुसतं पाहिलंय, हे करायचं बाकी आहे, आज असं काही असेल तर मला हाक मारा. स्पष्ट सांगितलं की लोक हाक मारतात. आणि पहिल्यांदा करताना "मी हे अजून पेशंटवर केलेलं नाही, तुम्ही माझ्याबरोबर उभ्या राहा" एवढं वाक्य बोलायला कधीही लाजू नकोस. जे शिकवलं नाहीये ते एकटीने करायचं नाही. दुसऱ्याने भरलेली सिरिंज द्यायची नाही. जे केलं नाही ते चार्टवर लिहायचं नाही, कितीही घाई असली तरी. आणि चूक झाली किंवा झाली असावी असं वाटलं तरी त्याच मिनिटाला सांगायचं, कारण त्या मिनिटात पेशंटसाठी काहीतरी करता येतं, तासाभराने येत नाही.

फोन करून कळवताना ततपप होतं, त्यासाठी एसबीएआर शिकून घे. मुळात अमेरिकेच्या अणुपाणबुड्यांवर वापरलेली पद्धत आहे, नंतर हॉस्पिटलांनी घेतली. आत्ता काय झालंय, पेशंटची पार्श्वभूमी काय, मला काय आढळलं, मला काय हवंय. "मी अमुक वॉर्डातून विद्यार्थिनी बोलतेय, ७ नंबर बेडच्या पेशंटला अर्ध्या तासापासून धाप वाढलीय. काल पोटाचं ऑपरेशन झालंय. श्वास २८, सॅच्युरेशन ८९, पल्स ११८, बीपी १००/६०, डोकं वर करून ऑक्सिजन लावलाय, स्टाफ नर्स पेशंटजवळ आहेत. तुम्ही लगेच येऊन बघावं." शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, बहुतेक जण माहिती देतात आणि गप्प बसतात. फोनवर ऑर्डर मिळाली तर विद्यार्थिनीने ती घ्यायची नाही, फोन स्टाफकडे द्यायचा.

केअर प्लॅनवर (पेशंटच्या काळजीचा लेखी आराखडा) रात्र रात्र जागू नकोस. जुन्या जर्नलमधून उतरवून काढलेला प्लॅन मला पहिल्या ओळीत कळतो कारण त्यात पेशंट नसतो. प्रॉब्लेम, कशामुळे, कशावरून कळलं. मग उद्दिष्ट मोजता येईल असं. "पेशंटला आराम वाटेल" याला काही अर्थ नाही, "२ तासांत वेदना १० पैकी ८ वरून ४ पर्यंत येतील" याला आहे. कृती तीन-चारच, पण प्रत्येकीचं कारण लिहून, आणि शेवटी ते झालं की नाही हे प्रामाणिकपणे. नाही झालं तर नाही झालं लिही, त्याने मार्क जात नाहीत.

हातांचं काम लॅबमध्ये बोलत बोलत कर, म्हणजे "आता मी स्टराइल ग्लोव्ह घालतेय, आता हा हात स्टराइल राहिला नाही", असं मोठ्याने. प्रॅक्टिकल परीक्षेत घाबरून पायऱ्या सुटतात त्या यामुळे सुटत नाहीत. हात चोळायला सॅनिटायझरने २० ते ३० सेकंद, साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, ही जागतिक आरोग्य संघटनेची वेळ आहे. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही. सुई टोचलीच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धू, पिळत बसू नकोस, आणि लगेच रिपोर्ट कर, लाजून घरी जाऊ नकोस, कारण एचआयव्हीसाठीचं प्रतिबंधक औषध जितकं लवकर तितकं चांगलं आणि ७२ तासांच्या आतच सुरू व्हावं लागतं.

वॉर्डात ओरडणारे भेटतात, इन्चार्ज असतील, ट्यूटर असतील. "तू हात धुतला नाहीस" हे रागाने सांगितलं तरी उपयोगाचं आहे, ते घे, राग सोडून दे. "तुला काही येत नाही, कशाला आलीस" हे शिकवणं नाही, ते घ्यायचं नाही. असं वारंवार होत असेल तर तारीख, जागा, नेमके शब्द लिहून ठेव आणि कॉलेजमधल्या ज्या व्यक्तीवर विश्वास आहे तिच्याकडे ते घेऊन जा. पेशंटसमोर अपमान सहन करणं हा कोर्सचा भाग आहे असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही.

शरीराची काळजी घे, हे सगळे म्हणतात म्हणून नाही, मी कंबर गेलेल्या खूप नर्स पाहिल्यात म्हणून सांगते. बेड कमरेएवढा वर घे, मग काम कर, वाकून नाही. पेशंट एकटीने ओढायचा नाही, स्लाइड शीट नाहीतर दुसरा माणूस. नाइटच्या आधी दुपारी झोप, नाइटनंतर खोली अंधारी करून झोप, आणि डोळे मिटत असताना गाडी चालवू नकोस. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून वाचलेलं फारसं राहत नाही, वाचलेलं पक्कं व्हायला झोप लागतेच.

आणि एक गोष्ट जी तू विचारली नाहीस पण येणार आहे. पहिला मृत्यू. कदाचित ज्याला तू सकाळी स्पंज दिलास तोच पेशंट असेल. काही मुली खूप रडतात, काहींना काहीच वाटत नाही आणि मग त्याचीच भीती वाटते की आपण दगड आहोत का. दोन्ही होतं, आणि दोन्ही चालतं. जमलं तर शेवटची सेवा करताना स्टाफबरोबर थांब, शरीर स्वच्छ करताना त्या माणसाला नावाने हाक मारणाऱ्या नर्स मी पाहिल्यात, त्यांच्याकडून शिक. नातेवाइकांना काय बोलायचं सुचत नसेल तर "मी इथेच आहे" एवढं पुरतं, "देवाची इच्छा", "सुटले बिचारे" असं काही बोलू नकोस. नंतर त्याच दिवशी कुणाशी तरी बोल, मैत्रीण, ट्यूटर, कुणीही, फक्त पेशंटची ओळख न सांगता. आठवडे गेले तरी झोप नाही, जेवण जात नाही, वॉर्डात जायच्या विचारानेच धडधडतंय, असं असेल तर कौन्सेलरकडे किंवा डॉक्टरकडे जा. वॉर्डातले फोटो मात्र कधीही नाहीत, चेहरा दिसत नसला तरी नाहीत.

राहिले तुझे अ‍ॅनाटॉमीचे मार्क. एका टेस्टवरून काही ठरत नाही पण त्या टेस्टमधून शिकता येतं. पेपर परत माग, मिळत नसेल तर ट्यूटरसमोर बसून बघ, आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे एक अक्षर लिही. मुळात वाचलंच नव्हतं तर व, वाचलं होतं पण आठवलं नाही तर आ, येत होतं पण प्रश्न चुकीचा वाचला तर प्र. व जास्त असतील तर वेळेचा प्रश्न आहे, आठवड्याचं वेळापत्रक बदलायला लागेल. आ जास्त असतील तर तास वाढवू नकोस, वर सांगितलेली कोऱ्या कागदाची पद्धत सुरू कर. प्र जास्त असतील तर प्रत्येक प्रश्नातला "आधी", "सोडून", "सर्वात" असा शब्द पेन्सिलने गोल करायची सवय लाव आणि पर्याय झाकून आधी स्वतः उत्तर दे. मोजून झालं की कोणतं अक्षर जास्त आलं ते मला सांग, मग त्याप्रमाणे पुढच्या टेस्टपर्यंतचं ठरवू.